दोन सुलट, दोन उलट

(हस्तव्यवसाय प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी पालकसभेत केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी त्यात थोडी भर घातली आहे.)



टेबलावर मांडलेल्या वस्तू आपण पाहिल्या असतीलच. बारा मफलर, सात कानटोप्या, बिनबोटांच्या हातमोज्यांचे तीन जोड आणि पायमोज्यांचा एकच जोड. त्यातलाही एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. आत येताना एका पालकांनी मला हसत विचारले, "सर, ट्रॉम्ब्यात बर्फ पडणार आहे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देण्यासाठी मी उभा आहे.

मुंबईची थंडी ती केवढी! सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि मुंबईच्या थंडीचा तो विक्रम आजही सांगितला जातो. एरवी डिसेंबर-जानेवारीत पारा पंधरा-सतराच्या आसपास आला की आपण पेटीतले स्वेटर शोधू लागतो. खाडीवर रोहित पक्षी उतरले की हिवाळा आला, एवढीच आपली खूण. तरीही पहाटे खाडीत होडी लोटणाऱ्या कोळी बांधवाला विचारा, सातच्या शाळेसाठी अंधारात निघणाऱ्या मुलाला विचारा, लोकलच्या दारात उभे राहणाऱ्या कामगाराला विचारा. कानाला वारा लागतोच. शिवाय आपल्या वस्तीतील कितीतरी कुटुंबांची गावे उत्तर प्रदेश आणि बिहारकडे आहेत. तेथे जानेवारीत दिवसदिवस धुके हटत नाही. टेबलावरच्या बारा मफलरांपैकी पाच मफलर गावाकडच्या दादा-दादींना जाणार आहेत.

परंतु खरे उत्तर वेगळे आहे. थंडीच्या या वस्तू आकाराने लहान असतात. नवशिक्याने स्वेटर हाती घेतला तर तो सहा महिन्यांनी अर्धवट राहून कपाटात पडतो. मफलर, टोपी, हातमोजा यांचे तसे नाही. ती वस्तू पूर्ण होते आणि पूर्ण होताना एकेक नवी गोष्ट शिकवून जाते. म्हणून आम्ही त्यांची निवड केली.

सुरुवात कशी झाली, तेही सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर कार्यानुभवाचे काही तास माझ्याकडे आले. मी मराठीचा शिक्षक. हातात खडू सोडून दुसरे हत्यार कधी धरलेले नाही. एका विद्यार्थिनीच्या नानींना उत्तम विणकाम येते असे कळले. त्यांना विनंती केली, आणि त्या आठवड्यातून एकदा शाळेत येऊ लागल्या. बाकावर मुलांच्या रांगेत मीही बसलो. माझा पहिला मफलर चाळीस टाक्यांनी सुरू झाला आणि वीतभर विणून झाल्यावर मोजला तर टाके त्रेपन्न! मफलर पंख्यासारखा पसरत चालला होता. वर्गाने मनसोक्त हसून घेतले. चूक अशी होती, की ओळ संपवून काम वळवले की मी धागा सुईवरून मागे ओढून धरीत असे. त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एक टाका दोन दिसतो. नवशिके दोन्ही विणतात. प्रत्येक ओळीअखेर टाके मोजावेत, हा त्यावरचा सोपा उपाय. नानींनी माझ्या हातातून काम घेतले, सुई काढली आणि सारे उसवून टाकले. धाग्याचा गोळा पुन्हा माझ्या हातात दिला. दोरा जेवढा होता तेवढाच परत आला होता.

आता विणकामाविषयी थोडे. दोन सुया आणि एक धागा एवढ्यावर सारा कारभार चालतो. टाके मूळचे दोनच, सुलट आणि उलट. गंमत अशी की हे दोन वेगळे टाके नाहीतच. सुलट टाका मागून पाहिला की तो उलट दिसतो. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कापड सपाट राहते, कडा वळत नाहीत. नवशिक्याच्या मफलरला हीच वीण उत्तम. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी विणली तर समोरून गुळगुळीत कापड मिळते, पण त्याच्या कडा गुंडाळू लागतात. आणि दोन सुलट, दोन उलट अशा उभ्या पट्ट्या घातल्या तर सुलट पट्ट्या पुढे येतात, उलट पट्ट्या मागे दबतात, आणि कापड लवचीक होते. टोपीची कड डोक्याला आणि मोज्याची कड पायाला धरून राहते ती या विणीमुळे.

आमच्या वर्गात या दोन टाक्यांना दोन-दोन नावे पडली. नानी म्हणतात सीधा-उल्टा, मी म्हणतो सुलट-उलट. त्यांचा फंदा तो माझा टाका, त्यांची सलाई ती माझी सुई. मराठीच्या तासाला 'सुलट' हा शब्द फळ्यावर लिहून जो कधी मुलांच्या तोंडी बसला नसता, तो बोटांतून बसला. पुढे आम्ही चौकटीच्या कागदावरून नक्षी विणू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विणताना टाके उजवीकडून डावीकडे सरकतात, त्यामुळे समोरच्या बाजूची ओळ कागदावर उजवीकडून वाचायची असते. काम वळवले की मागच्या बाजूची ओळ डावीकडून. सहावीतील एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, एक लाइन उर्दू, एक लाइन मराठी!" इतके अचूक स्पष्टीकरण मला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते.

आता चार वस्तू आणि चार धडे.

पहिली वस्तू मफलर. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुया घ्याव्यात. आपल्याकडील जुन्या क्रमांकांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे. चाळीस टाके घालावेत आणि सर्व ओळी सुलट विणाव्यात. साधारण अठरा सेंटिमीटर रुंदी मिळते. दीड मीटर लांबी झाली की टाके बंद करावेत. मफलर शिकवतो ती सवय. हात एकसारखा पडू लागतो. पहिल्या वीतभरात टाके कुठे घट्ट, कुठे सैल असतात. शेवटच्या वीतभरात ते सारखे होतात. एका मुलीने मला विचारले, सुरुवातीचा वाईट भाग उसवू का? मी म्हटले, ठेव. तू किती शिकलीस याचा तोच पुरावा आहे.

दुसरी वस्तू कानटोपी. येथे मोजमाप येते. प्रथम एक चौकोन विणून पाहायचा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचे. आमच्या धाग्याला बावीस बसले. मुलाच्या डोक्याचा घेर ५२ सेंटिमीटर. वीण ताणते म्हणून टोपी चार सेंटिमीटर कमी, म्हणजे ४८ ची धरली. हिशेबाने १०५.६ टाके आले. परंतु दोन सुलट-दोन उलट विणीसाठी चारने भाग जाणारी संख्या हवी, आणि वर टोपी मिटवण्यासाठी तिचे आठ सारखे भाग पडायला हवेत. म्हणून १०४ टाके घेतले. शिवणीचे कडेचे दोन टाके वेगळे. टोपी मिटवताना प्रत्येक भागात एका ठिकाणी दोन टाक्यांचा एक करायचा. म्हणजे दरवेळी आठ टाके कमी. १०४, ९६, ८८ असे करीत बारा वेळा कमी केल्यावर ८ उरतात. त्या आठांतून धागा ओवून आवळला की टोपी पुरी. दहावीच्या मुलांनी ओळखले असेलच, ही अंकगणित श्रेढी आहे. तिचे तेरावे पद ८ आहे, हे वहीत सोडवून दाखवणारा विद्यार्थी सूत्र विसरू शकेल. पण ज्याच्या टोपीला वर भोक राहिले तो विसरणार नाही.

या टोपीवरून एक आठवण सांगतो. ट्रॉम्बे कोळीवाड्यात जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध कोळीबाबांना मुलांनी ही टोपी दाखवली. त्यांनी ती उलटी करून बोटे फिरवली आणि म्हणाले, ही तर आमची डोल आहे. खाडीत लावायचे डोलीचे जाळे असेच तोंडाशी रुंद असते आणि शेवटाकडे निमुळते होत जाते. आज नायलॉनची जाळी बहुतेक यंत्रावर होतात, पण फाटलेले घर हातानेच भरावे लागते. त्यांनी आपली चपटी सुई मुलांच्या हातात दिली आणि दोन घरे भरून घेतली. मराठीत कापड विणतात, जाळे विणतात, स्वेटर विणतात आणि खाटही विणतात. क्रियापद एकच आहे, आणि ते का एक आहे हे त्या दिवशी मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

तिसरी वस्तू बिनबोटांचा हातमोजा. हा चार सुयांवर गोल विणायचा. छत्तीस टाके तीन सुयांवर बारा-बारा वाटायचे आणि चौथीने विणीत जायचे. गोल विणताना काम वळवावे लागत नाही, समोरची बाजू सदैव समोरच राहते. म्हणून गुळगुळीत कापडासाठी उलट टाका लागतच नाही. ज्या मुलांना उलट टाका जमत नव्हता त्यांना फार आनंद झाला! अंगठ्याच्या जागेवर काही टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर राखून ठेवायचे, पुढचे काम पुरे करायचे आणि मग त्या टाक्यांकडे परत यायचे. एखादी गोष्ट अर्धवट सोडणे वेगळे आणि परत येण्यासाठी राखून ठेवणे वेगळे.

चौथी वस्तू पायमोजा. यात टाच वळवणे हा सर्वांत कठीण भाग. तेथे ओळ पूर्ण न करता मध्येच वळायचे असते. मधल्या टाक्यांवर जास्त ओळी पडतात, तेथे कापडाला फुगवटा येतो आणि तो टाचेला बसतो. वर्षभरात वर्गातून एकाच मुलाने जोड पुरा केला. बोटभर लांब मोजा त्याचाच. त्याची टाच मात्र बिनचूक आहे, ती अवश्य पाहा.

धाग्याविषयीही एक गोष्ट. बाजारात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक अॅक्रिलिकची असते. मोठ्या माणसांनी सांभाळून परीक्षा करून पाहावी: धाग्याचा तुकडा पेटवला असता खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की विझते आणि राख बोटाने चुरडता येते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, हा तिचा गुण; गरम पाण्यात चोळून धुतली की आटून घट्ट होते, हा दोष. शिकण्यासाठी मुंबईत अॅक्रिलिक चालते. ते स्वस्त असते आणि सहज धुता येते. आपल्या महाराष्ट्रात दख्खनी मेंढीची लोकर आहे, परंतु ती जाडीभरडी. तिची घोंगडी होते, आणि चिंचोक्याच्या खळीने तिला ताठपणा आणतात. विणायच्या सुईवर ती लोकर नीट चालत नाही.

आता पालकांच्या मनातील दुसऱ्या शंकेकडे वळतो. ती कोणी उघड बोलून दाखवली नाही, पण मला जाणवली. मुलग्यांना हे बायकी काम कशाला? आणि आपल्या समाजाचा याच्याशी संबंध काय?

संबंध फार जुना आहे. सुयांच्या खऱ्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने जगात टिकून आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे येतात. ते इस्लामी काळातील, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातील आहेत. निळ्या आणि पांढऱ्या धाग्यांची त्यांची नक्षी आजही थक्क करते. त्यांतील काहींची रचना अशी, की टाच सर्वांत शेवटी विणून जोडलेली आहे. मोज्यात प्रथम झिजते ती टाच. ती झिजली की तेवढीच काढून नवी घालता यावी, अशी ही सोय. स्पेनमध्ये बुर्गोस येथील लास वेल्गास मठात फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राचे दफन आहे. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्या थडग्यात रेशमाने विणलेली उशी सापडली, आणि तिच्या कडेवर कूफी वळणाच्या अक्षरांत 'बरकत' हा अरबी शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या उशाशी मुसलमान कारागिराने विणलेली दुवा! हा वारसा आपलाही आहे, हे मुलांना सांगताना माझा आवाज थोडा चढला, हे मी कबूल करतो.

आणि बायकी म्हणाल, तर दक्षिण अमेरिकेत पेरू देशात टिटिकाका सरोवरातील टाकिले बेटावर सुयांनी टोप्या विणण्याचे काम पुरुषच करतात. मुलगे लहानपणीच ते शिकतात. त्यांच्या विणकामाचा युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून गौरव केला आहे. युरोपातही जुन्या काळी विणकरांचे संघ होते आणि त्यांचे उस्ताद पुरुष असत. आपल्या घरांत हे काम स्त्रियांकडे आले आणि त्यांनी ते राखले. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनशी युद्ध चालू असताना, पुरेशा गरम कपड्यांवाचून हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी देशभरच्या स्त्रियांनी स्वेटर, मफलर आणि मोजे विणून पाठवले. ज्या वर्षी मुंबईने विक्रमी थंडी पाहिली, त्याच वर्षाची ही गोष्ट. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून पाहा, कोणाला तरी आठवत असेल.

येथपर्यंत सारे गोड झाले. आता माझी एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

आमच्या वर्गात नववीतील एक मुलगी होती. गणितात कच्ची, पण हात असा की नानींनी दाखवलेले एकदा पाहिले की तिला आले. तिची आई घरी मजुरीवर क्रोशाच्या टोप्या विणते. नमाजाच्या जाळीच्या टोप्या आपण सर्व जण वापरतो. दाऊदी बोहरा समाजाची पांढरी-सोनेरी टोपीही घरोघरच्या स्त्रियाच क्रोशाने विणतात. त्यामागे किती तास बसलेले असतात याचा आपण कधी विचार करीत नाही. पालकसभेत मी तिच्या वडिलांसमोर मोठ्या कौतुकाने म्हणालो, "हिच्या हातात कला आहे. ही कधी उपाशी राहणार नाही." त्यानंतर आठ दिवस मुलगी शाळेत आली नाही. मी घरी गेलो. वडील शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणालात ना? मग दहावी कशाला? आईबरोबर बसेल, चार पैसे येतील."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्या सुया मी तिला शाळेची गोडी लागावी म्हणून दिल्या, त्याच शाळा सोडण्याचे निमित्त ठरत होत्या. मुलगी कोपऱ्यात बसून टोपी विणीत होती. उत्तर दिले ते तिच्या आईने. हातातले काम न थांबवता त्या म्हणाल्या, "टोपी मैं बुनती हूँ, हिसाब सेठ की कॉपी में रहता है. कितनी लिखी, कितनी काटी, मैं पढ नहीं सकती. इसको वो कॉपी पढना आना चाहिए." वडील काही बोलले नाहीत. चहा आला. दोन दिवसांनी मुलगी वर्गात दिसली. पुढे आई स्वतः एकदा शाळेत आल्या. मुलीच्या हातमोज्यातील एक टाका सुटून खाली पाच ओळी उसवत गेला होता. त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई काढली, एकेक फास वर चढवीत तो टाका जागेवर आणला आणि निघून गेल्या. सुटलेला टाका उचलायला क्रोशाची सुई लागते, हे मला तेव्हा कळले.

ती मुलगी आज दहावीत आहे. मार्चमध्ये काय होईल ते मी सांगू शकत नाही. गणित अजून अवघड जाते. पण टोपीच्या हिशेबाचे जे उदाहरण मी मघाशी दिले, ते फळ्यावर प्रथम तिनेच पुरे केले होते.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. हाताचे काम हे शिक्षणाच्या बदल्यात देऊ नका. हा विचार माझा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि एखादा उत्पादक हस्तव्यवसाय त्याच्या केंद्रस्थानी असावा, अशी ती योजना. तिचा गाभा असा की काम यंत्रासारखे शिकवायचे नाही. प्रत्येक क्रियेमागचे कारण मुलाला कळले पाहिजे. टकळीवर सूत काढताना गणित, भूगोल आणि इतिहासही यायला हवा. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात, कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावे असे म्हटले आहे. आपल्या वस्तीत कारागीर शोधायला दूर जावे लागणार नाही. ते आपल्याच ओट्यावर बसलेले आहेत.

मजुरी आणि शिक्षण यांतला फरक मी आता असा मोजतो. जी मुलगी शंभर टोप्या एकाच नमुन्याच्या विणते आणि एकशे एकावीही तीच विणते, ती मजुरी करते. त्यात कमीपणा काही नाही, घर त्यावर चालते. पण जी मफलरनंतर टोपी, टोपीनंतर हातमोजा विणते, आपला नमुना कागदावर स्वतः मांडते, धाग्याची किंमत आणि वेळेचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहिते, ती शिकते. शाळेने दुसरी गोष्ट द्यायला हवी. आणि ती मुलग्यांनाही द्यायला हवी, कारण बहिणीच्या हातातील कामाला किती कष्ट पडतात हे ज्या मुलाने स्वतः विणून पाहिले, तो उद्या बायकोच्या किंवा मुलीच्या कामाची किंमत कमी करणार नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दोन छोट्या विनंत्या आहेत. एक, सुयांचे आणखी काही जोड आणि थोडा धागा पुढील वर्षासाठी मिळावा. दुसरी, ज्या माता-भगिनी आपल्या घरी हे काम करतात त्यांना वर्षातून काही तास शाळेत शिकवण्यासाठी सन्मानाने बोलवावे आणि त्याचे मानधन द्यावे. नानींनी आमच्याकडून वर्षभर चहाखेरीज काही घेतले नाही. त्यांचा तो मोठेपणा. परंतु आपण तो सवयीचा करू नये.

शेवटी, उसवण्याविषयी. विणकामात मला सर्वांत आवडली ती ही गोष्ट की चूक झाली तर ती ओळ उसवता येते आणि धागा वाया जात नाही. आमच्या मुलांना चुकीची फार भीती असते. एका विषयात नापास झाले की सारे संपले असे त्यांना वाटते, आणि कित्येकदा आपणही त्यांना तसेच वाटू देतो. वास्तविक आपल्या वस्तीला हा धडा शिकवायची गरज नसावी. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनीतील घरे पाडली गेली आणि तेथल्या माणसांना या खाडीकाठच्या चीता कॅम्पात आणून सोडले. ती घरे उसवली गेली, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या नातवंडांना मी एवढेच सांगतो, की ओळ चुकली तर सुई काढा, उसवा, टाके मोजा आणि पुन्हा विणा.

माझा त्रेपन्न टाक्यांचा मफलर आता चाळीस टाक्यांचा झाला आहे. तो टेबलाच्या डाव्या टोकाला आहे. त्यावर माझे नाव लिहिलेले नाही, पण मुले तुम्हाला दाखवतील.